रपट्यावर थांबणारा बैल

बोरखेडीच्या नाल्यावरच्या रपट्यापाशी
हौश्या थांबतो.
"त्याले आठोते, म्याडम," शालिक डोमळे सांगतो,
"जोडीचा नवल इथंच पडला. पान लागलं होतं त्याले."
दवाखान्याच्या ओट्यावरचे चौघे मान हलवतात.
त्यातला एकही त्या सांजेला रपट्यावर नव्हता.

मी पशुधन पर्यवेक्षक.
लसीकरणाची वही उलटी धरली,
मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या:
तारीख, वेळ, ऊन, बंडीत ओझे किती,
थांबला, नाही थांबला.

बावीस सकाळी: दोनदा थांबला.
बावीस संध्याकाळी: सतरादा.
"मंग?" शालिक म्हणाला, "नवल सांजचाच तं गेला."
हे खरे.
हेही खरे, की सांजेला बंडी कापसाने भरलेली असते,
चढ लागतो,
आणि बाभळीची सावली रपट्यावर आडवी पडते
सापासारखी.
"सापासारखी" लिहिले आणि खोडले.
सावली, सावलीसारखी.

मग गुलाब कोडापेची जोडी मागून आणली.
दिवाळीनंतर कारंज्याच्या बाजारातून आलेली,
नवलचे शिंगही न पाहिलेली.
सहा सांजा. चारदा थांबली.
ओट्यावर उत्तर तयारच: "त्याईले बी वास येत असन."
मी काहीही मोजले असते
तरी त्याला पुरेल असा एक वास
त्या ओट्यावर कायम होता.

बाभळीची ती फांदी छाटून घेतली.
सावली गेली.
गुलाबचे बैल सरळ निघून गेले.
हौश्या थांबला.
त्या दिवशी ओट्यावर मला आग्रहाने चहा मिळाला,
आणि खोटे कशाला, मीही सुखावले.
मला हवे होते तेच निघाले होते
म्हणून रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बैलाकडे पाहणे सोडले.
बंडीत मागे, कापसावर बसले
आणि शालिकचा हात पाहिला.
रपटा दहा पावलांवर आला की
कासरा सैल पडतो.
तोंडातले "हर्र" अर्ध्यात राहते.
दर सांजेला. त्याला स्वतःला पत्ता नाही.

त्याचा भाचा रोशन पुलगावहून आला होता,
कानात गाणी, नवल कोण ते माहीत नाही.
त्याच्या हाती कासरा दिला.
सात सांजा. सहादा हौश्या थेट पार.
सातव्यांदा थांबला,
मुतला,
आणि चालू लागला.
तेही लिहिले.

शालिकला गोठ्यात गाठून सांगितले, हळूच.
तो बराच वेळ आपला डावा पंजा पाहत राहिला,
जणू दुसऱ्याचा कोणाचा मनगटाला लावलाय.
"म्हंजे मीच थांबोतो."
"हो."
"अन् थो माह्या हातावरून वळखते."
"हो. एवढे म्हणता येते."
"मंग त्याच्या मनात काय असते?"
"ते वहीत नाही."
हौश्या कडबा ओढत होता, कान मागे.
"वहीत नाही म्हंजे नसते,
का तुमाले लिवता नाई आलं?"

या प्रश्नाला आमच्या प्रशिक्षणात रकाना नव्हता.
"लिहिता नाही आले," मी म्हणाले.
हे त्याच्या समाधानासाठी नव्हते.
तेवढेच बरोबर होते.

परवा नाल्याच्या अलीकडे उभी होते.
शालिकने कासरा मुठीत ताणून धरला,
"हर्र" एवढ्या मोठ्याने, की बगळे उडाले.
हौश्या न अडखळता पार झाला.
पलीकडे गेल्यावर शालिक बंडीवरून उतरला,
मागे वळला,
आणि उभा राहिला
तंबाखू मळायलाही विसरून.

रकाना बैलाचा होता.
मी लिहिले: नाही थांबला.